दोघी जावा आणि जाळ्यातलं भोक

मी सुई बोलतेय. लगेच शिलाईच्या डब्याकडे बघू नका. ती कापड शिवणारी, चकचकीत, नाजूक बाई वेगळी. मी जाळं सांधायची सुई. लाकडाची, चपटी, वीतभर लांब. पुढे टोक, मागे खाच आणि मधल्या पोकळीत एक लाकडी जीभ. त्या जिभेला वळसे घालून दोरा गुंडाळतात. पोटातच जीभ असलेली वस्तू गप्प बसेल अशी आशा कुणी धरू नये. गोड बोलेल अशी तर मुळीच धरू नये.

सध्या मी जाळ्यांच्या शेडमध्ये, पत्र्याखालच्या आडव्या वाशावर पडून आहे. अंगावर धूळ आहे, जिभेवर मागच्या खेपेचा दोरा तसाच आहे आणि डोकं तापलेलं आहे. राग कुणावर म्हणाल, तर या बेटावरच्या झाडून सगळ्यांवर. दोघींवर जरा जास्त. त्या दोघी एकमेकींच्या जावा, आणि त्यांची हकीकत सांगितल्याशिवाय माझी सांगता येत नाही.

मला धाकट्याने घडवलं. बेटावर दोन भाऊ होते, थोरला आणि धाकटा. एकच होडी, एकच घर, मधे एक भिंत. थोरल्याचं लग्न झालं आणि थोरली या बेटावर आली. तिला जाळ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेडमधल्या बायकांनी तिच्या हातात कुणाची तरी जुनी, मोठी, ओबडधोबड सुई दिली आणि तिची बोटं सोलवटली तशा तोंडाला पदर लावून हसत बसल्या. माणसांना नव्या माणसाची फजिती फार आवडते, हे माझं पहिलं निरीक्षण, आणि ते बदलावं असं पुढे काही घडलं नाही.

धाकट्याने ते पाहिलं. तो मुळातच कमी बोलणारा. मोडक्या वल्ह्याचा एक तुकडा त्याने घेतला आणि उंबऱ्यात बसून मला कोरलं. थोरलीच्या तळहाताच्या मापाने कोरलं, तिला न विचारता, नुसतं लांबून बघून. मग मला तेल पाजलं, पायजम्यावर घासून गुळगुळीत केलं आणि तिच्या पुढे धरलं.

"वहिनी, ही घ्या. ही टोचणार नाही."

"टोचली तर तुम्हाला बघून घेईन हं भावजी," थोरली म्हणाली आणि हसली. ते हसणं मी पाहिलं आहे. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

आता शेडची रीत सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं.

आमच्या बेटावर पुस्तकं फारशी नाहीत. शाळेच्या कपाटात थोडी आहेत म्हणतात, पण ती वाळवी वाचते. बेटाची सगळी वाङ्मयीन इस्टेट म्हणजे ही शेड. दुपारी होड्या परतल्या की फाटकी जाळी इथे पसरतात. काही जण दोन्ही बाजूंनी जाळं ताणून धरतात आणि जिच्या हातात सुई, ती भोक सांधता सांधता गोष्ट सांगते. भोक लहान तर गोष्ट लहान. मोठ्या माशाने पार चिंध्या केल्या असतील तर गोष्टीत तीन पिढ्या येतात. सुई हातात नसताना जे सांगितलं जातं त्याला इथे गोष्ट म्हणत नाहीत, चहाडी म्हणतात. सांगणारीच्या हातातून सुई कुणी ओढून घ्यायची नाही. तिने आपण होऊन ती जाळ्यावर ठेवली, तरच दुसऱ्याने उचलायची.

धरणाऱ्यांनी प्रत्येक गाठीला "हं" म्हणायचं. आणि सांगणारीचं पटलं नाही तर वाद घालायचा नाही, नुसते हात सैल सोडायचे. जाळं सैल पडलं की गाठ आवळता येत नाही आणि गोष्ट तिथेच अडते. मग सांगणारीने पटवून द्यायचं, नाहीतर बदलायचं. कुणी आपल्या आजोबाला फार शूर करायला गेलं की पलीकडून हात सैल. "कोण, तुझा आजोबा? तो पाण्याला घाबरून धक्क्यावर बसायचा." सगळे खो खो हसणार, आजोबा मुकाट्याने पुन्हा धक्क्यावर जाऊन बसणार आणि जाळं पुन्हा ताठ होणार. इथल्या गोष्टी अशा भांडून भांडून तयार झाल्या आहेत.

सगळ्यांत मोठी ती मोठी गोष्ट. हंगाम उघडायच्या आधी बेटाचं सामायिक जाळं शेडभर पसरतात आणि त्यात समुद्रात गेलेल्या प्रत्येक माणसाची एक गाठ मारतात. गाठ मारताना त्याचा तुकडा सांगायचा. कोण होता, कसा बोलायचा, कसा गेला. बुडालेल्याला जमिनीत जागा मिळत नाही, म्हणून त्याला गोष्टीत जागा देतात. ज्याचा तुकडा नाही त्याच्याविषयी बेटावर बोलत नाहीत. असा माणूस जन्मालाच आला नव्हता असं वागतात, आणि या बाबतीत इथली माणसं भलतीच शिस्तीची आहेत.

थोरली आधी गाठ शिकली, मग गोष्ट शिकली. बघता बघता तिने हसणाऱ्या सगळ्या बायकांना मागे टाकलं. मी कितीही चिडलेली असले तरी हे कबूल करते की तिच्यासारखं सांगणारं माणूस या शेडने पाहिलं नाही. ती बोलायला लागली की लाँचवाला, जो जाळं धरून उभ्या उभ्या झोपतो आणि झोपेतही हं म्हणतो, तोसुद्धा डोळे उघडायचा. मोठी गोष्ट तिच्याकडे आली ती सगळ्यांच्या मर्जीने आली.

मग धाकट्याचंही लग्न झालं. धाकटी घरात आली. ती फटकळ होती, थोरली मानी होती, आणि भिंत पातळ होती. तरी बरं चाललं होतं. मिठाच्या बरणीवरून, दोरीवरच्या ओल्या कपड्यांवरून जेवढं भांडण व्हायला हवं तेवढंच व्हायचं.

आणि एके दिवशी दोघे भाऊ होडी घेऊन गेले आणि एकटा धाकटा परत आला. पोहत आला, वल्ह्याला धरून. धक्क्यावर सगळं बेट जमलं होतं. थोरली मला हातात घेऊनच शेडमधून धावत गेली होती, म्हणून मीही होते.

"भावजी, हे कुठे आहेत?"

धाकट्याने तोंड उघडलं आणि मिटलं. ती त्याला गदागदा हलवत होती, माझं टोक त्याच्या खांद्यात रुतत होतं. तो शब्दही बोलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. इतर बोलायचा, वारा, मासळी, मीठ. त्या दिवसाचं नाव निघालं की तोंडाला कुलूप.

थोरलीने मग स्वतःच ठरवलं की काय झालं असणार. त्या वर्षी मोठ्या गोष्टीत तिने नवऱ्याचा तुकडा घातला. होडी उलटली. थोरला पाण्यातून एक हात वर काढून भावाला हाका मारत राहिला. आणि जो सोबत होता, त्याने पाठ फिरवली आणि किनारा धरला. एवढंच. पण काय सांगितलं तिने! लाँचवाल्याने जाळ्यालाच डोळे पुसले. शेडमध्ये असा एक माणूस नव्हता ज्याला रडू आलं नाही.

मी तिथे नव्हते. होडी उलटली तेव्हा मी शेडमध्ये थोरलीच्या हातात होते. म्हणजे तीसुद्धा तिथे नव्हती. हा साधा हिशेब त्या भरल्या शेडमध्ये एकाच्याही डोक्यात आला नाही.

धाकटा त्या दिवशी जाळं धरायला उभा होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. त्याने नुसते हात सोडले असते तरी तो तुकडा तिथेच पडला असता. धाकटीने तर झटक्यात सोडलेच.

"धर," तो तिला म्हणाला.

"अहो, पण ती तुम्हाला..."

"धर म्हटलं ना."

तिने दात-ओठ खात जाळं पुन्हा ताणलं. धाकटा म्हणाला, "हं." आणि मी, त्याच्या हातची मी, त्याच्याविरुद्धची गाठ आवळून मोकळी झाले. लोकांनी त्याचा तो हं म्हणजे कबुलीच धरली. त्यानंतर त्याने दुसरी होडी मिळवली, पण तिच्यात कुणी बसेना. तो एकटा जायचा. एक दिवस समुद्र अगदी निवांत असताना गेला आणि परत आला नाही.

त्यानंतरच्या मोठ्या गोष्टीला मला वाटलं, आता माझा माणूस येईल. वाईट म्हणून येऊ दे, पण येईल. थोरली एकेक गाठ मारत आली. त्याच्या जागी आली. तिथे जाळ्यात भोक होतंच. तिने त्या भोकाकडे पाहिलं आणि मला उचलून पुढच्या भोकाशी नेलं. जणू मधे काही नव्हतं.

धाकटीने हात सैल सोडले.

"धर नीट," थोरली म्हणाली.

"ह्यांना घ्या, मग धरते."

"इथे समुद्रात गेलेल्यांना घेतात. समुद्रात सोडून येणाऱ्यांना नाही."

झालं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. आणि त्या वर्षापासून, सांगायला मला लाज वाटते, बेटाचं मोठं जाळं मधोमध एक भोक घेऊन समुद्रात जायला लागलं. दरवर्षी थोरली ती जागा सोडायची, दरवर्षी धाकटी तिथे हात सैल करायची, आणि रीत अशी की अडलेली जागा गोष्टीशिवाय दुसऱ्या कुणी सांधायची नाही. सगळ्यांत चांगली मासळी त्या भोकातून ऐटीत निघून जायची. माणसं कपाळाला हात लावायची. "दोघी जावांचं भांडण आणि आमची ताटं रिकामी!" पण भोक सांधून टाका असं म्हणायची हिंमत एकाही मिशीवाल्यात नव्हती. थोरलीचा तो रडवणारा तुकडा त्यांना गमवायचा नव्हता. खोटं सुरेख असलं की माणसं त्याच्यासाठी उपाशीसुद्धा राहतात.

धाकटीची मुलगी लहान असताना आईच्या पायाशी बसून मोठी गोष्ट ऐकायची. दरवर्षी शेवटपर्यंत जागी राहायची. गोष्ट संपली की विचारायची, "आई, आपले बाबा कधी येणार?" धाकटी तिला उचलून घेऊन जायची. ती मुलगी मोठी झाली, लाँचमध्ये बसून निघून गेली आणि परत फिरकली नाही. मी थोरलीच्या हातात होते. हात माझा असता तर मी काय केलं असतं ते सांगण्यासारखं नाही.

मी तिला टोचायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण ज्याने मला घडवलं त्याने "ही टोचणार नाही" असा शब्द दिला होता आणि काम चोख केलं होतं. माझं टोक त्याने इतकं गोल घासलं होतं की थोरलीच्या बोटाला साधा ओरखडा निघत नसे.

वर्षं गेली. थोरलीची बोटं वाकडी झाली, आवाज तेवढा शाबूत राहिला. तरुण माणसं शेडमध्ये येईनाशी झाली. मग बेटाच्या कमिटीचा अध्यक्ष उठला. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो कानात बोलला तरी धक्क्यापर्यंत ऐकू जातं. भोंग्याने मोठ्या गोष्टीचं रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. बाहेरून एक बाई बोलावली. रेकॉर्डरवाली. गरीब बिचारी, तिला काय माहीत आपण कशात पाय घालतोय.

"एकदा रेकॉर्ड झालं की कायमचं!" भोंगा सगळ्यांना सांगत फिरला. "मग कुणी बदलू शकणार नाही!"

ते ऐकून धाकटीचं धाबं दणाणलं. मी तिला शेडच्या दारात उभी पाहिली. इतकी वर्षं निदान पुढच्या वर्षाची आशा होती. आता या एका दुपारी तिचा नवरा गोष्टीत आला नाही, तर तो कधीच येणार नव्हता.

रेकॉर्डिंगच्या दिवशी भोंग्याने पहिली माती खाल्ली. पाहुणीसमोर शोभा नको म्हणून त्याने जुनं जाळं बाजूला करून कोरं करकरीत नायलॉनचं जाळं पसरलं. थोरली बसली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"यात सांधू काय?"

"अहो आजी, नुसतं सांधल्यासारखं करा ना! आवाजच घ्यायचाय!"

"सुरी द्या."

कुणी तरी सुरी दिली आणि भोंगा "अहो, अहो" करेपर्यंत थोरलीने त्या नव्या जाळ्याला टराटरा फाडलं. बुडालेल्यांची संख्या तिला पाठ होती, तेवढी भोकं पाडली. भोंग्याचा चेहरा बघून मला फार दिवसांनी बरं वाटलं. पण ती भोकं पाडताना मी मोजत होते. एक कमी होतं.

रेकॉर्डरवालीने बटण दाबलं. थोरली सांगू लागली. सगळे धरून उभे. जुने तुकडे आले, हं हं होत गेलं. थोरल्याचा तुकडा आला, पुन्हा सगळ्यांचे डोळे भरले, पाहुणीचेसुद्धा. आणि मग ती जागा आली, जिथे या खेपेला भोकसुद्धा नव्हतं.

धाकटीने हात सोडले. सैल नाही सोडले, जाळंच खाली टाकलं.

"काय झालं?" रेकॉर्डरवालीने विचारलं.

"काही नाही, काही नाही, घरगुती आहे!" भोंगा कुजबुजला आणि पत्रे हादरले.

"घरगुती नाही," धाकटी म्हणाली. "हिला विचारा, हिचा दीर कुठे गेला. समुद्रात गेला ना तो? की मीच स्वप्नात संसार केला?"

"हिला बाजूला करा," थोरली म्हणाली.

"मी हलणार नाही. आज नाही. जाऊबाई, ह्यांना घ्या."

"काय घेऊ? सांग ना, काय घेऊ?" थोरलीचा आवाज चढला. "त्याने कधी एक शब्द सांगितला? मी पायाशी बसून विचारलं त्याला. माझा नवरा शेवटी काय बोलला एवढंच सांग म्हटलं. तोंडात गुळणी धरून बसला! त्याचं मी काय सांगू?"

"तुम्ही नवऱ्याचं तरी कुठे बघितलं होतं? ते बरं सुचलं!"

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने मला जाळ्यावर आपटलं. आजवर तिने गोष्ट अर्धी टाकून मला कधी ठेवलं नव्हतं.

"घे. तूच सांग."

धाकटीने मला उचललं. मी तिच्या तळहाताच्या मापाची नव्हते. तिने सुरी घेतली आणि आपल्या नवऱ्याचं भोक स्वतः पाडलं. आणि तेवढ्यात त्या शेडमधल्या सगळ्यांनी, एकजात सगळ्यांनी, हात सैल सोडले. ऐकायच्या आधीच. एकही शब्द सांगितला नव्हता तिने. त्यांना त्यांचा रडवणारा तुकडा हवा होता. असल्या माणसांसाठी मी जन्मभर गाठी मारल्या.

जाळं जमिनीवर लोळत होतं. धाकटी मला धरून नुसती उभी. तेव्हा थोरली गुडघ्यावर हात टेकून उठली, वळसा घालून पलीकडे गेली आणि वाकड्या बोटांत जाळं गुंडाळून तिने खेचलं. एकटीने. ताठ.

"सांग. खोटं बोललीस तर सोडीन."

धाकटी सांगू लागली. तिला सांगता येत नव्हतं, अडखळत होती. "ते परत आले. मी विचारलं, बोलले नाहीत. रोज धक्क्यावर जाऊन उभे राहायचे. मला वाटायचं वारा बघतायत. मग हिने तो तुकडा घातला आणि लोक तोंड फिरवायला लागले. मी म्हटलं, जे झालं ते वहिनींना सांगून टाका ना एकदा. तर म्हणाले, 'सांगितलं तर वहिनी ते गोष्टीत घेतील. दादा आहे तसा राहू दे.'"

एवढाच तुकडा. पुढे काही नव्हतं तिच्याकडे.

पण त्यात सगळं होतं. त्या दिवशी पाण्यात थोरल्याच्या हातून काही तरी झालं होतं. घाबरला असेल, वल्हं ओढलं असेल, भावाला खाली दाबलं असेल. जे असेल ते, बेटाने ते ऐकू नये म्हणून धाकटा स्वतः वाईट झाला होता. भर शेडमध्ये हं म्हणाला होता. आणि धाकटीने हे इतकी वर्षं बाहेर बोलून दाखवलं नव्हतं, कारण सुई हातात नसताना बोललं तर ती चहाडी झाली असती, आणि सुई थोरलीच्या हातात होती.

थोरलीच्या बोटांतलं जाळं जरा सैल पडलं. वाटलं, सोडते आता. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने सोडलं असतं तर सगळ्यांना किती बरं वाटलं असतं!

तिने आणखी ताणलं. दोरा तिच्या बोटांत रुतला.

"हं," ती म्हणाली.

धाकटीने गाठ आवळली. वेडीवाकडी आली, पण आवळली. माझा माणूस गोष्टीत आला.

इथे थांबले असते तर तुम्ही डोळे पुसून घरी गेला असता. पण मी तुम्हाला रडवायला बोलत नाहीये.

रेकॉर्डिंगला कुठलंसं बक्षीस मिळालं. शेडशेजारच्या कमिटीच्या खोलीत भोंग्याने स्पीकर बसवला. लाँचमधून पाहुणे येतात, बाकावर बसतात, मोठी गोष्ट ऐकतात, फोटो काढतात आणि जातात. पत्र्याच्या भिंतीपलीकडून मला दिवसभर ऐकू येते. जाळी आता बाहेरूनच सांधून येतात. शेडमध्ये कुणी येत नाही. तो स्पीकर एकदाही अडत नाही. कुणी हात सैल सोडायला तिथे जाळंच नाही.

आणि त्यात दोन्ही तुकडे आहेत. धाकटीचा तो अडखळता, आणि त्याच्या जरा आधी थोरलीचा, सुरेख, हात वर काढून हाका मारणारा. पाहुणे रडतात ते त्या पहिल्याला. दुसऱ्याच्या वेळी बॅगा आवरत असतात.

परवा थोरली त्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. स्वतःचाच आवाज. 'जो सोबत होता, त्याने पाठ फिरवली...' आणि ती ओरडली, "खोटं आहे! बंद करा! असं झालं नव्हतं!"

"आजी, रेकॉर्ड झालंय ते!" भोंगा म्हणाला. "आता कसं बदलणार? आणि किती छान आहे!"

ती तिथून तडक शेडमध्ये आली. एक फाटकं जाळं कोपऱ्यातून ओढलं, पसरलं. तेवढ्यात धाकटी आपली टोपली न्यायला आली.

"धर," थोरली म्हणाली.

"काय सांगणार?"

"ह्यांचा तुकडा. नव्याने."

धाकटी किती मऊ बोलली! तिला तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "असू द्या जाऊबाई. झालं गेलं. मी माफ केलंय तुम्हाला."

"माफी मागितली कुणी? जाळं धर म्हटलं."

"आता या वयात कशाला? ह्यांचीच इच्छा होती ना, दादा आहे तसा राहू दे म्हणून."

"आणि मी खोटं सांगून मरू?"

धाकटीने टोपली उचलली. "मला आता भांडायचं नाही," म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून थोरली रोज दुपारी येते. जाळं पसरते, एक टोक खांबाला बांधते, दुसऱ्या टोकाशी कुणी नाही म्हणून तशीच बसून राहते. मला वाशावरून काढायलाही ती उठत नाही. लाँचवाला एकदा म्हणाला, "मी धरतो." तिने त्याला हाकलून दिलं. तो कशालाही हं म्हणतो. तिला काय झालं ते माहीत नाही, तिला पुन्हा सगळं रचावंच लागणार, आणि पुन्हा ते सुरेख होणार, कारण तिला दुसरं येत नाही. या खेपेला ती नवऱ्याला काळा करील आणि दिराला देव करील, आणि ते पहिल्याइतकंच खोटं असेल. तिला पलीकडे असा हात हवा आहे जो ऐन वेळी सोडेल. असा हात बेटावर एकच आहे आणि तो सध्या घरी मनःशांती भोगतो आहे.

धाकटे, तुझ्या माफीचा मला राग येतो. त्याचा तुकडा गोष्टीत आला म्हणून तू समाधानाने घरी बसलीस, आणि त्याला पाठ फिरवायला लावणारा तुकडा पलीकडच्या खोलीत रोज वाजतोय. त्याची इच्छा म्हणतेस? त्याने ती माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितली होती, आणि त्या इच्छेपायी तुझी पोर बाप शोधत शोधत बेट सोडून गेली. तो चांगला माणूस होता. पण तो चुकला, आणि हे मी म्हणते, जिला त्याने घडवलं.

म्हातारीचे फार दिवस राहिले नाहीत, खोकताना ऐकते मी. शेडचं दार उघडंच असतं. ये. ती शूरपणाचं काही सांगू लागली की हात सोड. ती रडवू लागली की हात सोड. तिला शंभरदा अडव, दोघी घसा बसेपर्यंत भांडा, आणि त्यातून जे काही लहानसं, वाकडं, कुणालाही न रडवणारं उरेल, त्याची गाठ मला मारू दे. तुझी माफी घरीच ठेव. येताना राग घेऊन ये.